धुवा आणि थांबा

आमचे सर कोणाच्या नमस्काराला नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट धरायचे, दोन बोटं नाडीवर ठेवून छताकडे बघत राहायचे आणि थोड्या वेळानं हात सोडून म्हणायचे, "चालू आहे." म्हणजे बसा. वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांची तर सुटकाच नव्हती. "धावत आलो म्हणून सांगतोस राजा, आणि नाडी तर आत्ता उठून दात घासून राहिली." आम्हा मुलींचं मनगट ते धरत नसत. आम्हालाच आमची नाडी मोजायला लावत, आणि आम्ही थापा मारल्या तरी ऐकून घेत.

गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून आमचं फार्मसीचं कॉलेज होतं. दोन हजार तीन-चारचा काळ. सर आम्हाला औषधशास्त्र शिकवायचे, म्हणजे कोणतं औषध शरीरात जाऊन काय करतं ते. उंच, वाकलेले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि कानाच्या पाळीवर कायम काजळी. खांद्याला एक थर्मास. त्या थर्मासात चहा आहे असं नव्या पोरांना वाटायचं. प्राचार्यांनाही एकदा वाटलं होतं आणि त्यांनी नागपूरहून आलेल्या पाहुण्यांसमोर तो उघडायला लावला होता. आत बर्फाच्या खारट पाण्यात बकऱ्याच्या आतड्याचा तुकडा तरंगत होता. पाहुणे त्या दिवशी जेवले नाहीत.

तो तुकडा सर सकाळी सकाळी मटन मार्केटमधून आणत. तिथला खाटीक त्यांच्यासाठी काढून ठेवायचा. "मास्टरजी, आपकी नस रख दी है," असं तो मोठ्यानं ओरडायचा आणि गिऱ्हाइकं वळून बघायची. त्या आतड्याच्या पातळ पडद्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. सर त्यातली एक बारीक नळी सोडवून घेत, तिची पट्टी कापत आणि दोऱ्यानं काचेच्या भांड्यात टांगत. भांड्यात ऊन खारं पाणी, आणि त्यात हवा सोडायला माशांच्या टाकीचा पंप. पट्टीचं वरचं टोक एका हलक्या तरफेला बांधलेलं, आणि तरफेचं टोक काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर टेकलेलं. पट्टी आखडली की काजळीवर पांढरी रेघ वर चढायची, सैल पडली की खाली यायची. रॉकेलच्या चिमणीवर कागदाला काजळी धरायचं काम सर कोणाला करू देत नसत. तो कागद नंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवून पक्का करायचे. "ही आपल्या जिल्ह्याची लाख आहे," असं दर वेळी सांगायचे.

लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की पंप बंद, आणि हवा बंद झाली की नळी मरणार. म्हणून सरांनी सायकलचा पंप जोडून ठेवला होता. आम्ही पाळीपाळीनं तो मारत बसायचो. माझ्या उजव्या दंडात आज जे काही बळ आहे ते त्या बकऱ्याच्या कृपेनं आहे.

पण ती पट्टी चालू झाली की आम्ही सगळे ड्रमभोवती जमायचो. मेलेल्या जनावराची एवढीशी नळी. तिला औषधाचा एक थेंब देऊन जागं केलं की ती आपली आपण आखडायला आणि सैल पडायला लागायची. एका लयीत, तासन् तास. काजळीवर लाटांमागून लाटा उठायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि दुसऱ्यांदाही आला.

"राजेहो, या एवढ्याशा पट्टीत हजारो पेशी आहेत," सर सांगायचे. "मग सगळ्या एकदम कशा आखडतात? हुकूम कोण देतं?" कोणीतरी मेंदू म्हणायचं. "मेंदू खाटकाकडे राहिला," सर म्हणायचे. मग ते रोवण्याची गोष्ट काढत. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. चिखलात बायका एका ओळीत वाकलेल्या असतात आणि सगळ्या मिळून एकदम एक पाऊल मागे सरतात. कोणी सरका म्हणत नाही. शेजारणीचा खांदा हलला की आपलं पाऊल हलतं. पेशींचंही तसंच, सर म्हणत. एकमेकींना लागून बसलेल्या पेशींच्या भिंतींत बारीक बारीक छिद्रं असतात. एकीतला विजेचा दाब बदलला की त्या छिद्रांतून तो शेजारणीकडे जातो, तिच्याकडून पुढे. असं करत सगळी नळी एक होते.

मग ते दुसरी बाटली काढत. ज्येष्ठमधाचं सत्त्व. तीच ज्येष्ठमध, जी घसा बसला की आपण चघळतो. तिच्यात असा एक पदार्थ असतो की तो पेशींमधली ती छिद्रं बुजवतो. सर थेंब टाकत आणि आम्ही ड्रमकडे बघत बसायचो. लाटा बुटक्या व्हायच्या, वेड्यावाकड्या व्हायच्या आणि मग नुसती सरळ रेघ. "मेली कोणीच नाही," सर हळू आवाजात म्हणत. "प्रत्येक पेशी जिवंत आहे, आपापलं काम करून राहिली आहे. फक्त एकीची खबर दुसरीला नाही."

पोरांना वाटायचं, आता संपलं. सर भांड्यातलं पाणी काढून टाकायचे, ताजं भरायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा भरायचे. "धुवा आणि थांबा," हे त्यांचं पालुपद होतं. घाईनं दुसरं औषध टाकायला जाणाऱ्याच्या हातावर ते खडू मारत. बऱ्याच वेळानं त्या सरळ रेघेला कुठेतरी एक लहानसा उंचवटा यायचा. मग दुसरा. सर तेव्हा आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बांध्यांकडे बघायचे. त्यांना त्या क्षणी आमची अडचण व्हायची असं मला वाटतं.

सरांचा एक दोष होता आणि तो सगळ्या कॉलेजला ठाऊक होता. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. प्रश्न अर्धा असतानाच त्यांचं उत्तर सुरू व्हायचं. बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं, म्हणून कोणी काही बोलत नसे.

त्या दिवशी प्रश्न मी विचारला. "सर, मग माणसानं ज्येष्ठमध खाल्ली तर..."

"काही होत नाही," सर म्हणाले. माझं वाक्य हवेतच राहिलं. "भांड्यात आपण जेवढी टाकली तेवढी पोटातून नळीपर्यंत पोचतच नाही. खुशाल खा. माझी आई रोज खाते."

मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत ते आलं नाही.

सरांच्या आईला आम्ही सगळे ओळखत होतो. आमगावच्या रस्त्यावर, माझ्या माहेरापासून जवळच त्यांचं गाव. सर तिथूनच बसनं कॉलेजात यायचे. दोघंच राहायची, सरांनी लग्न केलं नव्हतं. आजी विहारातल्या महिला मंडळाची मुख्य गाणारी. चौदा एप्रिलला कॉलेजात यायची, पांढरं लुगडं नेसून, आणि माईक बाजूला सारून गायची. माईकची गरजच नव्हती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं, आणि वाचनाच्या आधी आणि नंतर गाणी. रोजच्या रोज एवढा गळा ताणायचा म्हणजे ज्येष्ठमध आलीच. तिच्या पदराच्या गाठीत तुकडे कायम असायचे. मलाही एकदा दिला होता. "घे पोरी, चाव. बजारातली नोहे. माह्या बाबूनं आणून देल्ली."

प्रयोगासाठी सर नागपूरहून उत्तम ज्येष्ठमध मागवायचे, जाड, पिवळी, साखरेसारखी गोड. उरलेली आईला. पुढे पुढे तर मागवायचेच दुप्पट. सगळ्या कॉलेजात चिडका म्हणून गाजलेला हा माणूस त्या काड्या स्वतः अडकित्त्यानं फोडायचा, कारण आजीच्या दातांना मोठा तुकडा झेपत नसे.

मी पास झाले, लग्न झालं, देवरीला आले आणि हायवेला लागून मेडिकल दुकान टाकलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरापोरींनी जिल्ह्यात अशीच दुकानं टाकली. कोणी तिरोड्याला, कोणी आमगावला. काही वर्षांनी माहेरी गेले असताना कळलं की सरांची आई मरता मरता वाचली. मी नारळ घेऊन गेले.

आजी खाटेवर उशीला टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण जिभेला काही झालं नव्हतं. सर उंबऱ्याशी स्टुलावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी माझी नाडी विचारली नाही.

"पायच जायाले लागले ना बाई," आजी सांगू लागली. "विहाराच्या पायऱ्या चढता येतच नव्हत्या. बीपी वाढली म्हने. एक गोळी होती, त्याच्या दोन झाल्या. मंग लघवीची गोळी देल्ली. तं आनखीनच गेले पाय. एक दिवस सकाळी पान्याचा गिलास उचलाले गेली, तं हात उठेच ना. म्या म्हनलं, झालं माहं."

गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं. रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलेलं. ते इतकं उतरलं की हातपाय लुळे पडतात आणि हृदयाची लय चुकायला लागते. डॉक्टर तिच्या खाटेशी वाकला आणि त्यानं विचारलं, "माताजी, मुलेठी वगैरा खाती हो क्या?" मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध.

"अना मी तोंड उघडाच्या आधी यानं सांगतलं." आजीनं उंबऱ्याकडे बोट केलं. "म्हने, खाते, पन त्यानं काई होत नाई. मी औषधशास्त्राचा प्राध्यापक आहे, म्हने."

आजीनं बोट खाली घेतलं.

"डॉक्टर भला मानूस. त्यानं याले काई म्हनलं नाई. फक्त म्हने, सर, आप जरा बाहर बैठिए. मंग म्या पदराची गाठ सोडून दाखवली त्याले."

डॉक्टरनं नंतर सरांना आत बोलावून समजावलं. भांड्यात जे होतं ते वेगळं आणि पोटात जाऊन होतं ते वेगळं. पेशींमधली छिद्रं बुजवण्याइतकी ज्येष्ठमध रक्तात पोचत नाही, हे सरांचं खरंच होतं. पण ती मूत्रपिंडाकडे दुसऱ्याच वाटेनं काम करते. मीठ अंगात धरून ठेवते आणि पोटॅशियम वाहून जाऊ देते. त्यात पोटॅशियम आणखी बाहेर काढणारी लघवीची गोळी पडली म्हणजे विचारायलाच नको.

"हे पुस्तकात होतं," सर एकदम म्हणाले. अजून पाठच होती. "माझ्याच कपाटातल्या पुस्तकात. पुढच्या धड्यात. मी नळीच्या बाहेर कधी बघितलंच नाही. रोज हिची नाडी धरत होतो. ठोका चुकलेला कळायचा मला बोटांना. म्हटलं, वय झालं."

आजीच बोलली. "आता बंद केली ना. डॉक्टर म्हने, हळूहळू उतरन, थांबा. हा बी शारेत पोरायले तेच सांगते म्हने. धुवा अना थांबा." ती हसली. सर हसले नाहीत.

निघताना सर मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "ते 'काही होत नाही' मी किती वर्गांना सांगितलं असेल! सगळे आता दुकानात बसतात. बीपीच्या गोळ्या विकतात, आणि शेजारच्या बरणीतून ज्येष्ठमध विकतात."

"सर, एवढं कोणाच्या लक्षात राहतं?"

"तुझ्या आहे," ते म्हणाले. "प्रश्न तुझाच होता. तुझ्याकडे मी येईन. पण सगळ्यात शेवटी."

मला वाटलं, माणूस दुःखात आहे, बोलून जातो. पण महिन्या दोन महिन्यांत तिरोड्याच्या मैत्रिणीचा फोन आला. अगं, सर आले होते. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर म्हणाले, "मी तुम्हाला वर्गात एक गोष्ट चुकीची सांगितली होती. ती परत घेतो." सोबत आई! तिला बाकावर बसवलेलं. चालता येऊ लागल्यावर तिनंच हट्ट धरला म्हणे, तू सांगशील तं कोन आयकन, मी येते. सरांचं शास्त्र सांगून झालं की आजी आपले हात वर करून दाखवायची आणि म्हणायची, "हे हात उठत नव्हते. इचारत जा बाई, कोनाले बीपी आहे का ते."

मग असे फोन येतच राहिले. आमगावहून, सालेकशाहून, अर्जुनीहून. सुटीचा दिवस आला की दोघं एस. टी. नं निघायची. सरांच्या खांद्याला तोच थर्मास, आता त्यात आईसाठी ऊन पाणी. बहुतेक ठिकाणी त्यांचा हिरमोड व्हायचा, कारण बहुतेकांना ते वाक्य आठवतच नव्हतं. एका दुकानदारानं तर हसत हसत सांगितलं, "सर, तुमच्या तासाला आपण झोपून राहत होतो." सर त्याला म्हणाले, "तुझ्या बाकावर जागं कोण होतं ते सांग. त्याच्याकडे जातो." लोक म्हणायचे, म्हातारपणी सर बिघडले. मलाही एकदोनदा तसं वाटलं. पण त्या वाटण्याचा मला रागही यायचा. चुकीचं बोलून गेलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. बोललेलं परत न्यायला बसनं आलेला माणूस एकच पाहिला.

दरम्यान कॉलेजात जनावरांचे प्रयोग बंद झाले. नळी आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर आखडायची आणि कधी मरायची नाही. सर निवृत्त झाले. आजी पुढच्या वर्षावासात खुर्चीवर बसून गायली, त्याच्या पुढच्याही. हे मला माहेराहून कळायचं. देवरीला यायचं तेवढं राहिलं होतं. मी आपल्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. एक सरांची, एक आजीची. नवरा विचारायचा, कायले अडचण करून ठेवली? मी सांगायचे, पाहुणे यायचे आहेत.

ते आले तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि दुकानात गर्दी होती. मी मान वर केली तर रांगेत, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मागे, सर. पार पिकलेले. थर्मास होता. मी त्यांच्या बाजूला बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, मग बसथांब्याकडे.

"आई नाही," सर म्हणाले. "गेली. वर्षावासाच्या पौर्णिमेच्या आधी."

"कशानं सर?"

पूर्वीचे सर असते तर माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं असतं. आता ते थांबले. "झोपेत गेली. वयानं असेल. त्या वेळच्या दुखण्यानं आत काही राहून गेलं असेल. मला सांगता येत नाही." त्यांचा हात काउंटरवर होता.

मी काय केलं ते माझं मलाच नंतर कळलं. मी त्यांचं मनगट धरलं. दोन बोटं ठेवली आणि छताकडे बघितलं, कारण सरांकडे बघवत नव्हतं. नाडी जलद होती, पण नीट होती.

"चालू आहे," मी म्हणाले. "बसा सर."

"बसतो. आधी प्रश्न विचार."

"कोणता?"

"तुला माहीत आहे कोणता. मी तो पुरा होऊ दिला नव्हता."

रांगेतली माणसं बघत होती. चाळिशीला टेकलेली बाई मी, दोन पोरांची आई, काउंटरमागे वर्गातल्यासारखी ताठ उभी राहिले. "सर, मग माणसानं ज्येष्ठमध खाल्ली तर काय होतं?"

सरांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. नंतरही थोडे थांबले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "बघून सांगतो. त्या दिवशी एवढंच म्हणायला पाहिजे होतं. एवढंच म्हटलं असतं, तर त्याच संध्याकाळी मी पुढचा धडा उघडला असता."

मग त्यांनी वळून सगळ्या रांगेला त्यांच्याच बोलीत सांगितलं. घसा बसला तं चार-दोन दिवस चावा, काही बिघडत नाही. रोज, महिनोन् महिने खाऊ नका. ज्याची बीपीची गोळी चालू आहे त्यानं तर डॉक्टरला विचारल्याबिगर अजिबात नाही. एवढं सांगून त्यांनी आपले दोन्ही हात वर केले. "माह्या मायचे हे हात उठत नव्हते," ते म्हणाले. हे वाक्य तिचं होतं. ते त्यांच्या वाट्याला आलं होतं.

मी डोळे पुसले. लपवायचं काय त्यात?

सर खुर्चीकडे वळले तेव्हा पुढचा म्हातारा शेतकरी, जो इतका वेळ कान देऊन ऐकत होता, त्यानं त्यांची बाही धरली. "गुरजी, माह्यी बुढी रोज गुळवेलीचा काढा पेते. तिले बी बीपी आहे. त्यानं काई होते का?"

सरांचं तोंड उघडलं. ते जुनं, तयार उत्तर ओठांपर्यंत आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

"माहीत नाही," सर म्हणाले. "बघून सांगतो. गाव कोणतं तुमचं?"

म्हाताऱ्यानं गाव सांगितलं. "पर तिकडं बस नाई जात, गुरजी. जंगलाचा रस्ता आहे."

"नसू दे," सर म्हणाले, आणि घराची खूण विचारू लागले.